हाऊ ळ मन्हा शे

चोपड्यात, बसस्टँडसमोर माझं फ्लेक्सचं दुकान.
यंत्र दिवसरात्र शाई थुंकतं:
वाढदिवस, निवड, दशक्रिया, केळीच्या रोपांवर सूट.

त्या दुपारी बाबा डबा घेऊन आले,
सुकायला टांगलेल्या बॅनरपाशी थबकले,
चष्मा कपाळावर सरकवून
'जळगाव' या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं.
शाई ओली होती. बोट काळं झालं.
"हाऊ ळ मन्हा शे."

मी हसले. अक्षर काय कुणाच्या बापाचं असतं?
मग नीट पाहिलं.
डावं वेटोळं घट्ट, उजवं सैल,
घाईत मारलेल्या धोतराच्या गाठीसारखं,
आणि शेवट जरासा लोंबता, मागे वळून बघणारा.
माझ्या बापाचाच होता.
धुडकू शिंपी, पेंटर. तीस वर्षं
गिरण्या, जिनिंग, रसवंत्या, ट्रकांच्या पाठी
या हाताने बोलत्या केल्या.
आणि तो हात माझ्याच संगणकात,
पाचशे फॉन्टांच्या यादीत,
भलतंच नाव पांघरून झोपलेला.

यादी कुठून आली?
जळगावच्या बाजारातून, पन्नास रुपयांची सीडी.
पावती मागितली नाही, त्यानं दिली नाही.
तेव्हा वाटलेलं, यात कसली चोरी?
सायकल नेली तर भिंतीपाशी जागा रिकामी दिसते,
इथे सगळं जागच्या जागी.
बाबा बोट फडक्याला पुसत राहिले.
"आणि मी ज्या शिडीवर उभा होतो, ती?"

मीही हटले नाही.
तुम्हीसुद्धा घेतलंतच ना, भुसावळच्या उस्तादांकडून?
"घेतलं. माझा त त्यांचाच आहे.
कुणी विचारलं की सांगतो, हा वळसा कासमभाईंचा.
शिकणं वेगळं, बाई. पुसणं वेगळं."

जळगावच्या नेहेते वकीलबाईंनी चहा पाजला, फी घेतली नाही.
ळ कुणाचाच नाही, म्हणाल्या, सगळ्या मराठीचा.
पण तुम्ही काढलात तो तुमचा,
ब्रश पत्र्यावरून उचलला त्या क्षणापासून,
नोंदणी केली असो वा नसो.
फॉन्टची भानगड जरा गुंत्याची, आधीच सांगते.
दुकानाच्या नावाचा कायदा निराळा,
यंत्रातल्या युक्तीचा निराळा,
अहो, आपल्या भरताच्या वांग्यालासुद्धा
गावाचं नाव राखून ठेवता येतं.
तुम्ही फक्त दाखवा, हात तुमचाच होता.

मग आम्ही लूनावरून हात शोधत फिरलो.
धानोरा, लासूर. पत्रे गंजलेले,
भिंती झाकलेल्या, आणि झाकणारे
निम्मे फ्लेक्स माझ्याच दुकानाचे.
बाबा काही बोलले नाहीत.
अडावदला एका शेळ्यांच्या गोठ्याला
दार म्हणून ठोकलेला पत्रा, उलटा:
'गुळाचे ठोक व्यापारी'.
मान वाकडी करून वाचला.
कोपऱ्यात, म्हणजे आता वरच्या अंगाला,
शिंपी, ८७.
बाबांनी तिथे हात लावला नाही,
लांबूनच बघितलं,
लेकीच्या सासरी आल्यासारखं.

परतताना पाठीमागून वारा कापत विचारलं,
"कवलगुन मन्हा?"
म्हटलं, तुम्ही असेपर्यंत, आणि तुमच्यानंतर साठ वर्षं.
"आन मंग?"
मग सगळ्यांचा. कुणीही काढावा.
धानोऱ्याचा फाटा गेला, केळीचे दोन ट्रक गेले.
"बरं शे," म्हणाले. "तवलगुन नाव सांगानं."

नोटीस गेली आहे. उत्तर नाही.
रात्री शटर अर्धं ओढून यादी पुसायला बसले.
एकेक नाव उघडायचं, अ ते ज्ञ बघायचं,
कुठलंसं गाव, कुणाचीशी शिडी,
आणि पुसायचं.
चाळीस झाले असतील.
मग हात थांबला.
सकाळी आठला बॅनर द्यायचा आहे,
आगाऊ पैसे घेतलेत,
आणि त्यात दोन ळ आहेत.